रक्तातलं की भांड्यातलं

कालिही, होनोलुलू
१५ फेब्रुवारी १९७६

इवालानीताई,

आधी हातातलं काम खाली ठेव आणि बस. मला नोकरी लागली, आणि ती अननसाच्या कारखान्यातली नाही! विद्यापीठाचे डॉक्टर सगळ्या बेटांवर कॅन्सरची मोठी पाहणी करतायत. त्यात मी घरोघर जाऊन प्रश्न विचारणार. जपानी म्हाताऱ्यांना पोटाचा का होतो, त्यांच्या इथं जन्मलेल्या नातवंडांना तो होतो का, आपल्या बायकांना छातीचा का होतो, असं सगळं. आमचे डॉक्टर हमासाकी म्हणतात, इतक्या वंशांची माणसं एका दुकानातून तांदूळ आणतात, तेव्हा रोग रक्तातून येतो की भांड्यातून, ते इथंच कळायला हवं. मला भाताच्या वाडग्यांचे फोटो दिलेत. लहान, मधला आणि मोठा. समोरच्यानं नुसतं बोट ठेवायचं. पहिल्याच घरी एका पोर्तुगीज आंटीनं मधल्यावर बोट ठेवलं आणि आतून तिचा नवरा ओरडला, "खोटं बोलू नकोस, तुझा वाडगा फोटोत मावणार नाही!"

पण पत्र त्यासाठी नाही. कामाच्या शिकवणीत आम्हाला एक सबंध सकाळ 'आई' या एकाच प्रश्नावर बसवलं. आईला, मावशीला, बहिणीला हा रोग होता का? आता आपल्याकडे घराआड एक मूल हानाईचं, दुसऱ्याच्या पोटचं आणि आपल्या मांडीवरचं. ते मूल वाढवणाऱ्या आईचंच नाव सांगणार. म्हणून आम्ही विचारायचं, "तुम्हाला जन्म दिला ती आई." आणि ताई, तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला आपल्या आईनं जन्म दिलेलाच नाही! तू काउपोच्या लुईकाची. ती बाबांची चुलत बहीण. आईच्या रक्ताशी तुझा काहीच संबंध नाही, आणि लुईका तर समुद्रात बुडून गेली.

तू या वर्षी चव्वेचाळीसची होणार. आई त्याच वयात गेली, म्हणून तुझा वाढदिवस येऊच नये असं मला वाटत होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं असेल तर भीती नाही. माझा जीव भांड्यात पडला. दर वर्षी छाती तपासून घे म्हणून तुझ्यामागे लागते ना, यंदा नाही लागणार. सुटलीस!

तुझी
मोआनी

पुकोओ, मोलोकाई
७ मार्च

मोआनीबाई,

नोकरीबद्दल अभिनंदन. आता अक्कल पाजळायला पगार मिळणार हे वाचून आनंद झाला.

म्हणजे मी आईची नाही. बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं उगीच तिची समजत होते. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस, तुला शेजारच्या घरी झोपायला पाठवत. तिच्या छातीवरची पट्टी कोण बदलत होतं? तो वास अजून माझ्या नाकात आहे. शेवटी ती पाणी पण माझ्याच हातानं प्यायची. त्या वेळी तिनं नाही म्हटलं, 'थांब, हिचं रक्त कुठलं आहे ते बघू.' तुझ्या डॉक्टरला सांग, माझ्या घरी येऊन कुणी 'जन्म दिला ती आई' असं विचारलं, तर फ्लोरेन्सियो कोंबड्यांच्या आधी त्याला हाकलेल. माझा नवरा फिलिपिन्सचा असला तरी एवढं त्याला कळतं.

इकडे ठीक. नीरफणस यंदा फार उंच लागलेत, मला काढता आले नाहीत. फ्लोरेन्सियो काढतो आणि अर्धे फोडतो. पोईसाठी अळूचे कंद पण आता तोच कुटतो. त्याची पोई म्हणजे भिंतीला लावायचा गिलावा. पण खाते बिचारी मी.

तू स्वतः तपासून आलीस का? त्याबद्दल एक अक्षर नाही तुझ्या पत्रात.

इवालानी

ता. क. तुझे डॉक्टर खरंच 'भीती नाही' असं म्हणाले का? की तू आपली उत्साहात लिहिलंस? नीट विचारून एकदा लिहून पाठव. मला काही फरक पडत नाही, फ्लोरेन्सियो विचारत होता.

होनोलुलू
२ एप्रिल

ताई,

चुकले. तुझं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. मी फक्त रक्ताचं बोलत होते. आई तुझी होती, माझ्यापेक्षा जास्त तुझी होती. तुला पट्ट्या बदलताना मी खिडकीतून पाहिलंय. मला कुणी आत येऊ दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला यायचंही नव्हतं. आईच्या पाठोपाठ मावशी त्याच रोगानं गेली, तेव्हाही मी दाराशीच उभी.

म्हणून तर तुझ्याबद्दल इतका आनंद झाला ग. फ्लोरेन्सियोला सांग, घे, लिहून देते: तुला भ्यायचं काहीही कारण नाही. कुणी विचारलं तर हे पत्र दाखव.

कामात मी आता पक्की झालेय. कुणाला आधी कॅन्सरचं विचारायचं नाही. आधी जेवणाचं विचारायचं. लोक खाण्याबद्दल खोटं बोलतात, पण आनंदानं बोलतात. एक जपानी आजोबा खारवलेल्या मुळ्याबद्दल इतके बोलले की शेवटी त्यांचे डोळे भरून आले, त्यांची बायको तो घालायची. मग हळूच विचारलं, त्या कशानं गेल्या? "पोटानं," म्हणाले आणि मला आणखी चहा दिला. आपल्या लोकांचं मात्र कठीण आहे. आपली माणसं रोगाचं नावच घेत नाहीत. म्हातारपणानं गेली, झोपेत गेली, देवानं नेली. एवढी माणसं झोपेत गेली असतील तर झोपायचीच भीती वाटेल.

जूनमध्ये मला माऊईला पाठवतायत, अगदी काउपोपर्यंत. तुझ्या लुईकाच्या गावात! कुणाला निरोप द्यायचाय का?

मोआनी

पुकोओ
९ मे

मोआनी,

तुझं पत्र मिळालं आणि घरात सण झाला. मी फ्लोरेन्सियोला कोंबडी कापायला लावली. कशासाठी ते त्याला सांगितलं नाही. दवाखान्याची ती नर्स रस्त्यात भेटली, म्हणाली या वर्षी आला नाहीत. मी म्हटलं, बाई, आता गरज नाही, माझी बहीण विद्यापीठात आहे. तिचं तोंड बघायला हवं होतंस!

चर्चच्या गाण्यात सध्या जात नाही. तो पांढरा झगा घट्ट झालाय आणि हात वर करून टाळ्या वाजवायच्या म्हणजे खांदा ओढतो. वय झालं. दाराशेजारचं नोनीचं झाड मी पार बोडकं करून टाकलंय. पानं गरम करून बांधली की खांद्याला बरं वाटतं.

काउपोला निरोप काय द्यायचा? तिथं मला कोण ओळखतं? लुईका मला एकदा भेटायला आली होती म्हणतात, मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. तिनं लांबूनच पाहिलं, जवळ घेतलं नाही. मला आठवते ती फक्त तिची शाल. उन्हाळ्यात शाल कशाला, असं मी आईला विचारलं होतं. जाऊ दे. जमलं तर तिच्या कबरीवर एक फूल ठेव. बुडलेल्या माणसाची कबर असते का, कुणास ठाऊक.

या महिन्यात इकडे येऊ नकोस. घराला रंग काढलाय, सगळा पसारा आहे. आणि तू तपासून आलीस की नाही? दुसऱ्यांदा विचारतेय.

इवालानी

काउपो, माऊई
१९ जून

ताई,

हे पत्र मी चर्चच्या पायरीवर बसून लिहितेय. उद्या पोस्टाची गाडी आहे. त्याआधी मनात आलं ते सगळं तुला सांगायला हवं.

आज मी तुतू कालेईकडे गेले, इथल्या सगळ्यांची ती आजी. ऐंशीच्या पुढची असेल, पण पाठ ताठ आहे. अंगणात बसून शिंपले साफ करत होती. मी माझे वाडग्यांचे फोटो काढले, तिनं ते उलटे करून पाहिले आणि म्हणाली, "भात कुठाय यात? नुसता कागद दाखवून पोट भरतेस होय?" हसलो आम्ही. मग मी सुरी घेतली आणि तिच्याबरोबर शिंपले साफ करायला बसले. बोलता बोलता मी म्हटलं, माझी ताई तुमच्या लुईकाची, आमच्याकडे हानाई आलेली.

तिचा हात थांबला. "जिवंत आहे का पोर?" तिनं हेच विचारलं, ताई. कशी आहे, कुठं असते, असं नाही.

मी म्हटलं, आहे की. चव्वेचाळीसची होईल.

"लुईका तर चाळिशीपर्यंत पण पोचली नाही," म्हणाली.

मी म्हटलं, हो, समुद्रात बुडाली ना.

"बुडाली. समुद्रानंच नेली. पण पोहता येणारी बाई बुडते कशी, हे तुमच्या घरात कुणी विचारलं नाही?"

मग ती शिंपल्यांकडे बघतच सांगत राहिली. लुईका छातीला फडकं बांधून हिंडायची. वर शाल. नोनीची पानं गरम करून आत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, खांदा ओढतोय. शेवटी शेवटी वास लपेना, तशी ती माणसांत यायची थांबली. एके दिवशी तिनं अंगण झाडलं, चटई जाळली आणि पाण्यात चालत गेली. तिची आई पण तिच्याआधी त्याच दुखण्यानं गेली होती.

मी ओरडलेच, "मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"लेकरू तुमच्याकडे होतं ना! असल्या दुखण्याचं नाव कुणी लेकराच्या अंगावर टाकतं का? नाव घेतलं की ते वाट शोधत येतं. लुईकानंच बजावलं होतं, पोरीकडे फक्त समुद्र सांगा. ती तुमच्या बेटावर गेली होती एकदा, पोरीला जवळ न घेता परत आली. का? आपलं अंग पोरीला लागू नये म्हणून."

ताई, ती शाल तूच मला लिहिली होतीस. आणि नोनीची पानं. आणि खांदा. तुझी पत्रं मी बरोबर आणलीत, आत्ता पुन्हा वाचली. नीरफणस उंच नव्हते ना? हात वर जात नव्हता. पोई फ्लोरेन्सियो का कुटतो? झगा घट्ट का झाला? मी लोकांच्या घरात बसून त्यांची दुखणी त्यांच्या खाण्यातून ओळखते, आणि तुझी दोन पत्रं मला वाचता आली नाहीत.

आणखी एक. डॉक्टर हमासाकी म्हणाले होते, तसं असेल तर भीती कमी. 'कमी' म्हणाले होते. आणि म्हणाले होते, तपासून घ्यायला काही हरकत नाही. 'नाही' हा शब्द माझा आहे. मला तो हवा होता म्हणून मी तो लिहिला. तू विचारलंस तेव्हाही पुन्हा न विचारता लिहिला.

ते पत्र फाडून टाक. आजच दवाखान्यात जा. त्या नर्सच्या पाया पड, नाहीतर मी पडते. फ्लोरेन्सियोला हे पत्र वाचून दाखव. माझं काही चुकत असेल, तुझा खांदाच दुखत असेल, तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण जा.

मोआनी

होनोलुलू
६ जुलै

ताई,

पत्र मिळालं की नाही? मी तुमच्या गावातल्या दुकानात फोन केला, म्हणाले निरोप पोचवला. तू फोनवर आली नाहीस.

मला रात्रंदिवस एकच दिसतं, तू पुकोओच्या किनाऱ्यावर उभी आहेस आणि पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. असलं काही करणार नाहीस ना? एक ओळ लिही. मला राग दाखव, टोमणा मार, काहीही. मी शनिवारी विमानानं येतेय, तुझ्या घराला रंग असो नाहीतर आग लागलेली असो.

मोआनी

पुकोओ
८ जुलै

मोआनी,

येऊ नकोस. मीच येतेय. गुरुवारच्या विमानाचं तिकीट फ्लोरेन्सियोनं काढलंय. हे पत्र दुकानदाराच्या मुलीबरोबर पाठवतेय, ती उद्याच तिकडे येतेय.

तुझी भीती बरोबर आहे. डाव्या बाजूला आहे. ख्रिसमसच्या आधी आंघोळ करताना हाताला लागली. लहान होती, शिंपल्यातल्या खड्यासारखी. दुखत नव्हती. मी हात काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच नेला. मग रोज. फ्लोरेन्सियोला मार्चपर्यंत कळू दिलं नाही. त्याला कळलं तेव्हा तो अंगणात गेला आणि पोई कुटत बसला. म्हणून तो गिलावा.

तर तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ती होतीच. मी रागावले ते खरं. पण रागावून झाल्यावर मी ते पत्र पुन्हा वाचलं, आणि मग रोज वाचत गेले. आई माझी नाही हे वाचायचं म्हणजे अंगावर काटा यायचा, पण पुढच्या ओळीत मी मरणार नव्हते. एक आई देऊन जीव मिळत होता, मोआनी. मी तो सौदा केला. आईला मनातल्या मनात म्हटलं, रागावू नकोस, फक्त एवढ्यापुरतं मी तुझी नाही. मग तुला लिहून मागितलं आणि तू लिहून दिलंस. ती कोंबडी त्यासाठीच कापली होती. गाठ मात्र वाढत होती, तिला वाचता येत नाही.

आता लुईकाचं कळलं आणि मी पंधरा दिवस कुणाशी बोलले नाही. समुद्रावरही गेले. उगीच घाबरू नकोस, घोट्यापर्यंतच. तिथं उभी राहून तिच्यावर मनापासून चिडले. जवळ घ्यायचं होतंस, म्हटलं. अंगाला अंग लागून हे येत नाही, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का? नुसती शाल आठवणीत ठेवून गेलीस. फार रडले. मग घरी आले आणि तिकीट काढ म्हटलं.

पण माझी एक अट आहे. मी तुला दोनदा विचारलं. तू तपासून आलीस का? दोन्ही वेळा तू जपानी आजोबांचे मुळे आणि माझं रक्त यांबद्दल लिहिलंस. आईनं जन्म दिला तो तुला. मावशी तुझी सख्खी. साऱ्या बेटांना तू हा प्रश्न विचारत फिरतेस, तुला कुणी विचारला? मला राग आला होता तो एवढ्याचसाठी नव्हता की तू मला आईपासून तोडलंस. तू एकटीच तिच्याजवळ उरलीस, आणि ते तुझ्या ध्यानातही आलं नाही, म्हणून माझा जीव उडाला होता.

तुझी वेळ घेतलेली नसेल तर मी विमानतळावरून परत फिरेन. मला ओळखतेस तू.

ताई

होनोलुलू
१० जुलै

ताई,

हे पत्र फ्लोरेन्सियोला द्यायच्या निरोपासोबत दुकानात पाठवतेय, म्हणजे निघण्याआधी तुझ्या हातात पडेल.

तुझं खरं आहे. मी गेले नव्हते, या वर्षी नाही आणि कधीच नाही. दर वर्षी तुला जा म्हणायचे आणि तुझं झालं की माझं पण झाल्यासारखं वाटायचं. आईच्या खोलीच्या दाराशी उभी होते ती अजून तिथंच आहे. ही नोकरी घेतली तेव्हा लोक म्हणाले, किती धीट. धीट कसली! दुसऱ्यांना विचारत राहिलं की आपला नंबर येत नाही, असं कुठंतरी वाटत होतं.

काल तुझं पत्र वाचून झाल्यावर मी दाराला कडी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला हात लावून पाहिलं. त्याबद्दल कागदावर काही लिहिणार नाही. नाव घेतलं की ते येतं, म्हणणाऱ्या तुतू कालेईला मनात हसले होते मी, आता हसत नाही. तू आलीस की तुझा हात धरून दाखवेन, कुठं ते. मला फार भीती वाटतेय, ताई. लवकर ये.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन दोघींची वेळ घेतली, शुक्रवारची, एकापाठोपाठ. नोंदणीच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती, नवीनच असावी. माझ्यासारखीच तिनं पाठ केलेले प्रश्न विचारले. आधी माझे, मग तुझे. आईचं नाव? मी दोन्ही वेळा आईचं नाव सांगितलं. तिनं मान वर करून विचारलं, "दोघींना जन्म दिला ती आई?" मला तो प्रश्न आता पुरता ठाऊक आहे, म्हणून मी तिला सगळं नीट सांगितलं. लुईकाचंही लिहून घ्यायला लावलं, तिच्या आईचंही, आणि 'समुद्रात' असं लिहू दिलं नाही.

मग तिनं विचारलं, "आईला हा आजार होता का?"

माझ्यासाठी मी हो म्हटलं. तुझ्यासाठी तिनं पेन उचलून धरलं, कुठल्या आईचं लिहू म्हणून.

मी म्हटलं, तुला हवी ती धर. उत्तर तेच आहे.

तुझी
मोआनी